नसलेल्या प्राणिसंग्रहालयाचा खुलासा

माझी नोकरी कायम झाली ती एका प्राणिसंग्रहालयामुळे, आणि ते प्राणिसंग्रहालय आमच्या गावात कधी झालंच नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. त्याआधी दहावी झालेलाही कोणी नव्हता, त्यामुळे मधल्या पायऱ्याही मलाच पहिल्यांदा चढाव्या लागल्या. बा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की तो आणि माय कळप घेऊन निघत, आणि पाऊसकाळ तोंडावर येईपर्यंत गोदावरीच्या काठाकाठानं फिरत. मला मात्र एका गुरुजींनी मेंढरांमागून धरून आणून वर्गात बसवलं, पुढं वसतिगृहात घातलं, आणि अर्ज कसा लिहायचा, पत्र कसं लिहायचं हे हाताला धरून शिकवलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो. पुढं पत्र लिहिण्यात जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

नोकरीची पहिली दोन वर्षं परिवीक्षेची होती. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर घरी. आणि आमचं घर म्हणजे तो कळप. माय भेटली की दोन प्रश्न विचारायची. पहिला, जेवलास का. दुसरा, कायम झालास का. पहिल्याला मी होय म्हणत असे.

दोन वर्षं संपायला दोन महिने राहिले होते, तेव्हा आमचे नगराध्यक्ष घरच्यांना घेऊन हैदराबादला जाऊन आले. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हैदराबाद परकं वाटत नाही. कोर्टाचं काम, मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्याला ते तिकडंच जात आलेले. या खेपेला अध्यक्षांनी तिथलं प्राणिसंग्रहालय पाहिलं. परत आल्यावर बाजाराच्या दिवशी एका पाणपोईचं उद्घाटन होतं. तिथं पाण्याबद्दल दोन वाक्यं बोलून ते वाघाकडं वळले आणि अर्धा तास वाघाजवळच थांबले. शेवटी म्हणाले, हैदराबादला आहे ते आपल्या गावाला का नसावं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाघासाठी वाजवल्या, की भाषण संपलं म्हणून, याची कोणी चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. हे गृहस्थ बाहेरगावचे, टापटिपीचे, सरळ मनाचे. त्यांना दोनच गोष्टींची धास्ती होती, धुळीची आणि बाहेरून आलेल्या पत्राची. त्यांनी काम सांगितलं: कोणकोणत्या शहरांत प्राणिसंग्रहालय नाही, आणि आपल्या गावाला ते झेपेल काय, याचा अहवाल पुढच्या सर्वसाधारण सभेपुढं ठेवायचा. माझं मराठी चांगलं आहे म्हणून हे काम मला. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "तुमच्या कायम होण्याचा कागदही त्या सभेनंतरच बघू."

मी त्याच दिवशी कामाला लागलो. मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद इथं वाघसिंह आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. औरंगाबादबद्दल ऑफिसात दोन मतं होती. एका कारकुनानं तिथल्या बागेत मगर पाहिली होती. दुसऱ्याचं म्हणणं, ती सिमेंटची होती. राहिली आमच्या मराठवाड्यातली बाकीची गावं. त्यांना विचारल्याशिवाय 'नाही' असं लिहिणं मला बरं वाटेना. एखाद्या गावात असलं आणि आपण नाही लिहिलं तर?

म्हणून अकरा गावांच्या नगरपालिकांना पत्र लिहायचं ठरवलं. आमच्या हेडक्लार्ककडं नमुन्याच्या पत्रांची एक जाडजूड फाईल होती. त्यांनी ती विश्वासानं माझ्या हाती दिली आणि सांगितलं, यातला कुठलाही मसुदा उचला, चुकणार नाही. मी संध्याकाळपर्यंत फाईल वाचली आणि त्यातलं सगळ्यात देखणं पत्र निवडलं. छोटं, एकही शब्द जास्तीचा नाही, वाक्यं कशी शिपायासारखी ताठ उभी. जकात नाक्यावर जागेवर न सापडलेल्या एका कारकुनाला ते कधीकाळी गेलेलं होतं. मी त्यातला कारकून काढला आणि प्राणिसंग्रहालय घातलं.

पत्र असं झालं: "आपल्या शहरात प्राणिसंग्रहालय आढळून येत नाही, असे निदर्शनास आले आहे. तरी ते का आढळून येत नाही याचा लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही केली जाईल."

मी ते तीनदा वाचलं. गुरुजींनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती असं वाटलं. अकरा प्रती टंकलिखित करून जन्माच्या दाखल्यांच्या गठ्ठ्याबरोबर साहेबांपुढं ठेवल्या. माझ्या मराठीवर त्यांचा भरवसा होता. त्यांनी न वाचता सह्या केल्या.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. मोर्चे निघत, बंद होत, टपाल दोन-दोन दिवस अडकून पडे. याच कारणानं परीक्षा पुढं ढकलल्या जाऊन माझी बी.ए.सुद्धा वर्षभर लांबली होती. म्हणून मी धरून चाललो होतो की उत्तरं महिनाभरानं येतील, आली तर. पण पाचव्या दिवशी पहिलं उत्तर आलं. आठव्या दिवसापर्यंत दहा आली.

कोणत्या गावानं काय लिहिलं ते मी सांगणार नाही. ती माणसं आता निवृत्त झाली असतील, त्यांना कशाला त्रास. पण एका साहेबांनी लिहिलं होतं की, पूर्वीच्या अधिकाऱ्यांकडून पदभार घेताना प्राणिसंग्रहालय त्यांच्या ताब्यात देण्यात आलेलं नव्हतं, सबब ते नसल्याची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. पदभाराच्या यादीची खरी नक्कल सोबत जोडली होती, आणि खरोखरच त्या यादीत खुर्च्या, कंदील, एक तिजोरी होती, वाघ नव्हता. दुसऱ्या गावानं झाल्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करून यापुढं असं होणार नाही अशी हमी दिली होती. तिसऱ्यानं कळवलं की प्राणिसंग्रहालय नाही ही गोष्ट खरी आहे, परंतु भटकी जनावरं धरून ठेवायचा कोंडवाडा चालू स्थितीत आहे आणि त्यात आज रोजी दोन गाढवं व एक मारका बैल आहे, तरी सहानुभूतीनं विचार व्हावा. एकानं तर संबंधित लिपिकाची कानउघाडणी केल्याचं लिहिलं होतं. त्या संबंधित लिपिकाचा विचार मनात येऊन मला फार वाईट वाटलं. त्यानं काय केलं असेल बिचाऱ्यानं?

मी उत्तरं तारखेप्रमाणे लावून फाईल बांधत होतो, तेवढ्यात शेजारच्या तालुक्याहून साहेबांना ट्रंक कॉल आला. साहेब फोनवर बराच वेळ फक्त "हो, हो" म्हणत होते. मग त्यांनी मला आत बोलावलं, माझ्या पत्राची प्रत मागवली आणि पहिल्यांदाच ती वाचली.

"तुम्ही अकरा गावांना नोटिसा काढल्यात," ते म्हणाले. "माझ्या सहीनं."

मी म्हणालो, मसुदा फाईलमधला आहे.

"मला विचारतायत, कोणत्या कलमाखाली."

साहेबांनी घाम पुसला आणि सांगितलं की सभेपर्यंत अहवालाचा दुसरा भाग तरी धड करा, मग तुमचं काय करायचं ते ठरवतो. मी बाहेर आलो तेव्हा हेडक्लार्क नमुन्यांची फाईल कपाटात ठेवून कुलूप लावत होते.

दुसरा भाग म्हणजे, आपल्या गावाला झेपेल काय. वाचनालयात प्राण्यांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं, त्यातून मी कोण काय खातं ते उतरवून घेतलं. पण जनावर सांभाळायला काय लागतं, हे माझ्या ओळखीत एकाच माणसाला माहीत होतं. रविवारी वही घेऊन मी बाच्याकडं गेलो.

त्या आठवड्यात बाचा कळप गावाबाहेर अध्यक्षांच्याच मळ्यात बसला होता. बसला म्हणजे, आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी मेंढरं बसवून घेतात. कळप दोन-तीन रात्री रानात मुक्काम करतो, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, पुढच्या पिकाला दुसरं खत लागत नाही. त्या बदल्यात मेंढपाळाला ज्वारी मिळते. मग कळप पुढच्या रानात. बाचा सगळा संसार याच्यावर चाललेला. म्हणून कुठल्याही जनावराबद्दल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ते रानाला काय देतं?

मी वही उघडून वाघापासून सुरुवात केली. म्हणालो, वाघाला दिवसाला एखादं बकरू तरी लागेल.

"रोज?"

"आठवड्यातून एक दिवस उपास असतो म्हणे त्याला."

"कोनता वार?"

ते पुस्तकात नव्हतं. मी वहीत एक जागा कोरी सोडली.

बानं विचारलं, वाघ रातभर बसला तर रानाला काय मिळतं? मी म्हणालो, वाघाचं खत कोणी वापरत नाही. "मंग त्याला बसवून कोन घेनार?" असं म्हणून त्यानं वाघ निकालात काढला. सिंहाचं नाव काढल्यावर त्यानं हात जोडले. त्यानं सिंह पाहिला तो पोखर्णीच्या नरसिंहाचाच, आणि देवाला पिंजऱ्यात घालायची गोष्ट त्याच्यापुढं बोलायची माझी हिंमत झाली नाही. सिंह मी स्वतःच खोडला.

हत्तीला मात्र त्याचे डोळे चमकले. शेण किती टाकतो ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. "किती आनायचे?"

"एक."

"एकाचा कुटं कळप असतो का," तो म्हणाला. मग ऊस किती लागेल ते ऐकून त्यानं मान हलवली. म्हणाला, गंगाखेडच्या रस्त्यानं कारखान्याला उसाच्या गाड्या जायलेत, तिथं वाटेवर हत्ती बांधला तर कारखान्यात नुसत्या गाड्याच पोचतील.

चुलीजवळ भाकरी थापत माय हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "त्या लांडग्याचं सांगा की त्याला." चार दिवसांपूर्वी लांडग्यानं एक कोकरू नेलं होतं. बाला ही कल्पना पसंत पडली. म्हणाला, तुमच्या अध्यक्षाला सांग, लांडगा पायजे असंल तर हितं एक हाय, आमच्याकडनं भेट.

मी उठलो तेव्हा बानं मला थांबवलं. आता तो हसत नव्हता.

"लेकरा, चालतं जनावर आपलं आपन खातं. बांदून ठिवलं की त्याला रोज कुनीतरी खायाला घालावं लागतं. आदी त्यो मानूस हुडका, मंग जनावर आना."

हे मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. अहवालात भाषा सुधारून "स्थानिक अनुभवी पशुपालकाचे मत" या मथळ्याखाली टाकलं. खोटं त्यात काही नव्हतं. आणि शेवटी लिहिलं, प्राणिसंग्रहालय आपल्या गावास झेपणार नाही. अध्यक्षांनी भर बाजारात जाहीर केलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं, तेही परिवीक्षेतल्या लिपिकानं. पण बाचं बोलणं ऐकल्यावर होय लिहिणं मला जमेना.

दोन दिवसांनी भरलेल्या सभेत मला उभं राहून वाचायचं होतं. अध्यक्षांनी हैदराबादला जे जे पाहिलं त्याची यादी आधी झाली. त्यात पाणघोडा होता. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला नळ चार दिवसांनी एकदा येत होता. मी पाणघोड्याला लागणाऱ्या हौदाबद्दल वाचलं, तेव्हा टेकडीकडच्या वस्तीचे सदस्य, ज्यांच्याकडं नळ चार दिवसांनीही येत नसे, ते शांतपणे म्हणाले, "पाणघोडा आमच्या वॉर्डात ठेवा. त्याच्या निमित्तानं आमी तरी आंघोळ करू."

हशा ओसरल्यावर मी पशुपालकाचं मत वाचलं. अध्यक्षांनी हात वर केला.

"हा अनुभवी पशुपालक कोन म्हणायचा?"

मी सांगितलं, "माझे वडील आहेत, साहेब. सध्या आपल्याच मळ्यात बसलेत."

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. मुख्याधिकारी टेबलाकडं पाहत राहिले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. बाला ते वर्षानुवर्षं ओळखत होते आणि मामा म्हणत. म्हणाले, "मामाला विचारून आलास होय? मग वाच पुढं." मी शेवटचं वाक्य वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. खायला घालणारा माणूस हुडका, हे त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण ते एवढंच म्हणाले की मामाला जनावरातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. प्राणिसंग्रहालयासाठी ऑफिससमोर राखून ठेवलेल्या जागेवर तूर्त बाग करू. माती हलकी आहे, आधी मेंढरं बसवून घेऊ.

मग त्यांचं लक्ष अहवालाला जोडलेल्या गठ्ठ्याकडं गेलं. हे कसले कागद? साहेब घाईनं म्हणाले की ती लिपिकाकडून झालेली एक चूक आहे. पण अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली होती. एक वाचलं, दुसरं वाचलं. पदभाराच्या यादीवर ते बराच वेळ थांबले. दहाही पत्रं वाचून झाल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो पाणपोईवर वाघाबद्दल बोलतानाही नव्हता.

"मी वर पत्र लिहितो, सहा-सहा महिने उत्तर नाही," ते म्हणाले. "घरात विचारलं तर उत्तर नाही. आणि या पोरानं सात दिवस म्हटलं, तर बंद असताना दहा गावांनी लेखी दिलं. साहेब, याला सोडू नका. याला कायम करा."

ठराव झाला. पण हुकमावर सही मुख्याधिकाऱ्यांची लागायची, आणि ते कायद्यानं चालणारे. त्यांनी मला सांगितलं की अकरावं गाव अजून गप्प आहे. त्या पत्रव्यवहाराचं तोंड बंद झाल्याशिवाय ते सही करणार नाहीत. माझ्या परिवीक्षेची मुदत संपायला एक आठवडा होता. मी रोज टपालवाल्याची वाट पाहू लागलो.

चौथ्या दिवशी अकराव्या गावाचं पत्र आलं. साहेबांनी ते वाचलं आणि पंख्याखाली जाऊन बसले. त्यात लिहिलं होतं: "आपल्या शहरात प्राणिसंग्रहालय आढळून येत नाही, असे आमच्या निदर्शनास आले आहे. तरी ते का आढळून येत नाही याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा." शब्दन् शब्द माझे. फक्त त्यांचा टंकलेखक माझ्यापेक्षा चांगला होता.

साहेब म्हणाले, आता तुम्हीच लिहा. नाही लिहिलं तर खुलासा द्यावा लागेल, आहे लिहिलं तर खोटं होईल, आणि सही माझी आहे.

मी जागेवर येऊन कोरा कागद घेऊन बसलो. नमुन्यांची फाईल कुलपात होती. खिडकीतून समोर प्राणिसंग्रहालयासाठी राखलेली जागा दिसत होती, आणि तिथं आदल्या संध्याकाळपासून बाचा कळप बसलेला होता. शाळा सुटली होती. पोरं जाळीच्या कुंपणाला चिकटून कोकरं बघत होती. एक पोरगी पाटीतली पेन्सिल कोकराला खाऊ घालू पाहत होती आणि माय तिला दटावत होती. मी पाहिलं तेच लिहिलं.

"प्राणिसंग्रहालयासाठी राखीव जागेवर आजमितीस मेंढ्या, काही शेळ्या, दोन घोड्या, तीन कुत्री व कोंबड्या असून शाळेतील मुले त्या पाहण्यास येतात. प्रवेश विनामूल्य आहे. प्राणी आपले खाणे आपण मिळवतात. परवा सदर प्राणी पुढील गावी जाणार आहेत. आपल्याकडे मोकळे रान असल्यास कळवावे, म्हणजे आपल्या शहरासही तीन दिवसांकरिता लाभ देता येईल."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. प्रत्येक वाक्यानंतर खिडकीतून बाहेर पाहून खात्री करून घेतली. दोन घोड्या त्यांनी मोजल्या. मग सही केली, शिक्का मारायला लावला, आणि ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून त्यावरही केली.

तो कागद घेऊन मी ऑफिसच्या पायऱ्या उतरलो आणि समोर गेलो. बा मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी हुकूम पहिल्या ओळीपासून जावक क्रमांकासकट वाचून दाखवला. त्यानं काटा निघेपर्यंत ऐकून घेतलं.

"कायम म्हंजी आता हलायचं न्हाई?"

"न्हाई."

"एकाच जागी? म्हातारा हुईपर्यंत?"

मी होय म्हणालो. बानं ऑफिसच्या इमारतीकडं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, एखादं जनावर विकत घेताना पाहावं तसं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. उलट माझी कीव केल्यासारखी त्याची नजर झाली.

"मंग खायाला कोन घालनार?"

"नगरपालिका. दर महिन्याला."

"न चुकता?"

"न चुकता."

त्यानं मेंढी सोडून दिली, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "मंग बरं हाय."

पलीकडून माय आली. त्या दिवशी तिनं दोनांपैकी पहिलाच प्रश्न विचारला. मी नाही म्हणालो, आणि तिथंच पोरांच्या घोळक्यासमोर बसून भाकरी खाल्ली.